परबकाकांची गच्ची

परबकाका कुणाच्याही घरात आले की आधी स्टूल मागतात. बसायला नव्हे. स्टुलावर चढून छताला तळहात लावतात, आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा, आणि डोळे मिटून सांगतात, "ताप नाय." मग चहा.

मुलुंडच्या आमच्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, माझं आणि त्यांचं. त्यामुळे हा मान मला रोज दुपारी दोनला मिळतो. ताईला बघायला पाहुणे आले त्या दिवशीही काका आले, चढले, ताप नाय म्हणून गेले. मुलाच्या आईने भीत भीत विचारलं, वर कोण झोपून असतं? मी म्हटलं, वर फक्त गच्ची आहे. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. काकांचं म्हणणं, त्या बाईंना घाम फार येत होता.

त्या गच्चीवर काकांनी हिरवळ केलीय. कुंड्यांची नव्हे, अख्ख्या गच्चीभर. इंजिनीअरकडून वजनाची खात्री करून घेतली, खाली जाड प्लास्टिक, त्यावर खडी, वर चार बोटं माती, आणि मग दूर्वा, घोळ, चिनी गुलाब. खोटं कशाला बोलू, भर मे महिन्यात माझं छत माठासारखं गार लागतं. शेजारच्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे लोक तेव्हा जिन्यात येऊन बसतात.

पावसात मात्र मला भीती वाटते. धो धो सर आली की शेजारच्या गच्चीचं पाणी उतरवणारे पाइप लगेच गर्जायला लागतात, आणि आमचा मुका. अर्धा-पाऊण तास थेंब नाही. काका जिन्यातल्या त्या पाइपला कान लावून उभे असतात. काही विचारायला जावं तर ओठांवर बोट. "शू. वर पितत." कोण पितं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माती पिते, मुळं पितात, एवढं मला कळतं, मी काही खुळा नाही. तरी अंगावर काटा येतो तो येतोच.

यंदा श्रावणात माझ्या छतावर ओलीचा डाग उमटला आणि माझं डोकं फिरलं. सोसायटीला अर्ज दिला: माती काढा, पूर्वीसारखं डांबर घाला. कमिटीने रविवारी मीटिंग लावली. काका यायचे थांबले. चौथ्या दुपारी वाटलं, म्हातारा रुसलाय, समजूत काढावी. गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

आतल्या खोलीत काका जमिनीवर उताणे पडलेले. पंखा बंद. डोळे उघडे, छताकडे. दोनदा हाक मारली, पापणी हलली नाही. शेजारी पलंग होता, त्यावर धुतलेली चादर, उशी, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. पलंग रिकामा. काकी अर्धांगाने पडून होत्या, वाचा गेली होती आणि त्यातच त्या गेल्या, हे मी ऐकून होतो. आम्ही इथे राहायला यायच्या आधीची गोष्ट.

मग नजर न हलवता काका बोलले. "गळत होता म्हणान डांबर मीच घातलंय. मे म्हयनो. ती दिसभर वरच बघी. माका वाटला, पंखो बघता."

तिला सांगता येत नव्हतं. एक दिवस पंखा पुसायला ते स्टुलावर चढले, हात छताला लागला आणि चटका बसला. काळं डांबर सगळं ऊन पिऊन खाली तिच्यावर ओतत होतं. त्या वर्षीचा पाऊस काकींनी पाहिला नाही. तेव्हापासून काका रोज दुपारी, हल्ली आमच्याकडून गेले की, तासभर असे पडून राहतात, न हलता, न बोलता. तिला कसं वाटलं असेल ते बघायला.

अर्ज लिहिणाऱ्या माझ्या हाताची लाज वाटली.

"माती काढतत तर काढूंदेत," ते म्हणाले आणि पहिल्यांदा पलंगाकडे वळले. "पण डांबर नको, झिला. तिका अजून बोलाक येणा नाय."

संध्याकाळी मी अर्ज मागे घेतला. डागाखाली टोप ठेवतो. पण त्या आधी, खोलीतून निघताना, त्या रिकाम्या पलंगाकडे बघून मी म्हणालो होतो, "येतो, काकी."