चौथ्या घासाची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि जिच्या कृपेने लिहिणाऱ्याचे पोट भरते व लेखणी चालते त्या अन्नपूर्णेसही नमन. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पंचमी, ते दिवशी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याची आम्हांस आज्ञा नाही, श्रीमंत गंभीरराव महाराज यांजकडे एक पत्र आले आणि त्या पत्राने दरबार कैसा हालला, ते पाहिले तैसे लिहितो. महाराज थोर, धीराचे, प्रजेस लेकरांप्रमाणे पाळणारे. परंतु भोजनाविषयी त्या घराण्यात एक नेम होता. आजे महाराजांस आवळ्याचा मुरंबा फार प्रिय, ही गोष्ट शत्रूस कळली आणि मुरंब्याच्या बरणीतूनच घात जाहला. तेव्हापासून ठरले की गादीवरील पुरुषाने पानातील प्रत्येक पदार्थाचे तीन घास घ्यावे, चौथा घेऊ नये, म्हणजे आवड कोणती आणि नावड कोणती हे आचाऱ्यासही कळणार नाही. महाराजांनी हा नेम बावीस वर्षे पाळिला. पक्वान्न असो की पालेभाजी, तीन घास आणि हात आखडता. पुढे पुढे आपणांस काय आवडते हा विचारच मनात येईनासा जाहला, आणि तो कोणी विचारील ऐसा मनुष्यही दरबारात नव्हता.

पत्र धाडणारे दोघे. एक कोंडभट, ते नदीपलीकडे पाठशाळा चालवीत. दुसरे सुभानजी, ते घोड्यांची पैदास करीत. हे दोघे आणि महाराज बाळपणी एका गुरूंचे घरी शिकले, एका घोंगडीत निजले, आणि गुरुपत्नीने तळून शिंक्यात ठेविलेले भोपळ्याचे घारगे तिघांनी मिळून चोरून खाल्ले. साऱ्या पृथ्वीवर महाराजांस अरे म्हणणारी माणसे ही दोनच उरली होती. मातुःश्री होत्या तोवर तीन होती. पत्र कोंडभटाचे हातचे, मजकूर येणेप्रमाणे: "गंभ्या, आम्ही दोघांनी एक खेळ काढला आहे. प्रश्न नऊ. सुभान्याने मला खो दिला, मी उत्तरे लिहिली, आता तुला खो देतो. सकाळी उठून आधी काय पाहतोस? रंग कोणता आवडतो? खायला काय आवडते? भीती कशाची वाटते? पोट धरून शेवटचा कधी हसलास? बाकीचे चार मागच्या बाजूस आहेत, तेही वाच, आळस करू नकोस. खरे लिही. थापा मारल्यास तर शिक्षा एकच, आम्ही तुला अहो-जाहो करू. दसऱ्यानंतर द्वादशीस पारण्याला येतो." हे वाचून महाराज मोठ्याने हसले, आणि महाराज हसले हे पाहून हुजऱ्या घाबरला व वैद्यास आणावयास धावला. मग महाराजांनी शिक्षेची ओळ पुन्हा वाचली, आणि या वेळी हसू आले नाही.

आता राज्याचे कारभारी नारो शामजी म्हणजे बहुत सावध पुरुष. दुधाने पोळलेले लोक ताक फुंकून पितात, हे पाणीही फुंकून पीत. त्यांनी पत्र पाहिले आणि म्हणाले, "महाराज, हा खेळ नव्हे. राजाची आवड म्हणजे किल्ल्याचा चोरदरवाजा." मग मसलत बसली आणि तीन दिवस चालली. रंगाचे उत्तर ठरले की सर्व रंग आपापल्या ठिकाणी शोभतात. भीतीचे उत्तर ठरले की ती वस्तू या घराण्यात नाही. शेवटचे कधी हसलो, यावर शास्त्री म्हणाले की राजाचे हास्य प्रजेच्या मुखी असते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, अर्थ कोणास कळला नाही. खाण्याच्या प्रश्नावर मात्र गाडे अडले. तेव्हा नारो शामजी बोलिले, "घारगे लिहावे. मित्रांच्या मनात तेच आहे, ते संतोषतील. पत्र शत्रूच्या हाती लागले तरी तो घारग्यांच्या पाठी धावेल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही." महाराज म्हणाले, "पण पंत, घारगे आम्हांस अजून आवडतात काय?" पंत म्हणाले, "आवडत नसतील तर फारच उत्तम." महाराजांनी खिडकीबाहेर पाहिले, मित्र रागावण्यापेक्षा संतोषलेले बरे ऐसे मनाशी म्हटले, आणि शिक्का दिला. पत्र गेले. परंतु दातात सुपारीचे खांड अडकावे तैसे ते एक उत्तर महाराजांचे मनात अडकून राहिले, आणि आश्विन उजाडला तरी निघाले नाही.

आश्विन शुद्ध द्वादशीस दोघे मित्र आले, आणि सुभानजीने घोड्यावरून उतरताच घारग्यांची पाटी पुढे केली. "माझ्या बायकोने पहाटे उठून तळलेत, गंभ्या. तुझे तेवढे एकच उत्तर खरे वाटले, ते वाचून तिला भारी कौतुक वाटले. म्हणाली, राजा झाला तरी पोर तेच आहे." महाराजांनी पाटी आपल्या हातांनी घेतली. दुपारी तिघांची पाने शेजारी मांडली, मागे गोंदू आचारी वाढावयास उभा राहिला, आणि समोर नारो शामजी बसले, त्यांचे जेवणात लक्ष कमी आणि महाराजांचे हाताकडे अधिक. घारगे वाढले. महाराजांनी तीन घास घेतले आणि हात थांबविला. सुभानजी म्हणाला, "अरे, घे की आणखी." महाराज म्हणाले, "पोट भरले." कोंडभट पोरे शिकविणारा मनुष्य, कोणत्या पोराने धडा केला आणि कोणी नाही हे त्यास तोंडावरून कळे. त्याने महाराजांचे पान न्याहाळिले. घारगा अर्ध्याहून अधिक तसाच होता. पलीकडे कारल्याच्या काचऱ्यांची वाटी होती. तिचेही घास तीनच जाहले होते, परंतु तिसऱ्या घासास वाटीचा तळ दिसला होता. कोंडभटाने मान वळवून विचारिले, "आचारीबुवा, ही वाटी रोज अशीच रिकामी येते काय?" गोंदू खाली पाहून म्हणाला, "बारा वर्षे जाहली, भटजी. आम्ही कोणास बोललो नाही." नारो शामजींस ठसका लागला. कोंडभटाने मग आपोष्णी घेतली, हात धुतला, उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "महाराजांनी आता विश्रांती घ्यावी. आमच्या पोरखेळाचा आपणांस उगाच त्रास जाहला." सुभानजीने एकदा पाटीकडे पाहिले, एकदा मित्राकडे पाहिले, त्यास उमगले, आणि तोही हळूच म्हणाला, "होय, महाराज."

महाराज रणात उभे राहिलेले, तोफा कानाशी सुटल्या तरी पापणी न लवविणारे, परंतु सुभानजीचे ते दोन शब्द त्यांस सोसले नाहीत. मातुःश्री गेल्या त्या दिवशी वाड्यात जैसे ओकेबोके वाटले होते तैसे वाटले. विश्रांतीस गेले, पण पाठ टेकली नाही, येरझारा घातल्या. तिसऱ्या प्रहरी पागेतून टापा ऐकू आल्या, म्हणजे पाहुणे निघाले. मग महाराज उठले आणि अनवाणीच मुदपाकखान्यात गेले. बावीस वर्षांत तेथे पाऊल पडले नव्हते. गोंदूच्या हातचा झारा गळून पडला. महाराज म्हणाले, "काचऱ्या आहेत?" आणि उरलेल्या काचऱ्यांची वाटी घेऊन तडक पागेकडे चालले, आणि मागून नारो शामजी धोतर सावरीत धावले. "महाराज, नेम. आजे महाराजांचा नेम." महाराज म्हणाले, "पंत, जे गोंदूस बारा वर्षे ठाऊक आहे ते झाकून काय राखिले?" पागेत कोंडभट निघावयास उभा होता आणि सुभानजी खोगीर कशीत होता. महाराज त्याच्या पायाशी घोड्याच्या झुलीवर बसले आणि खावयास लागले. एक घास, दुसरा, तिसरा. मग चौथा घेतला. पंतांनी डोळे मिटून घेतले. महाराज तोंडात घास असतानाच बोलू लागले, "रंग शेवाळी, आपल्या गुरुजींच्या विहिरीतला. भीती पालीची वाटते. श्रावणात दरबार मध्येच उठविला तो त्याचसाठी. सकाळी आधी हुजऱ्याचे तोंड दिसते आणि मी पुन्हा डोळे मिटतो. हसलो ते तुमचे पत्र आले तेव्हा, त्याआधीचे खरेच आठवत नाही. आणि घारगे आता घशाखाली उतरत नाहीत रे. सकाळपासून सांजेपर्यंत सगळे माझ्याशी गोडच बोलतात. कारले तेवढे मला भिऊन चव बदलत नाही. बाकीचे चार प्रश्न मी वाचलेच नव्हते, ते पंतांनी लिहिले."

पंत डोळे मिटूनच पुटपुटले, "कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच." सुभानजी खोगिराचा पट्टा धरून उभा होता. म्हणाला, "बायकोला आता काय सांगू?" महाराज म्हणाले, "खरे सांग. पोर बदलले म्हणावे."  महाराजांनी कोंडभटाच्या तोंडाकडे पाहिले आणि वाट पाहिली.  मग कोंडभट खाली बसला, वाटीत हात घातला, एक काचरी तोंडात टाकली, आणि त्याचा चेहरा ऐसा जाहला की महाराजांस हसू आवरेना. कोंडभट थुंकावे की गिळावे या विचारात थोडा राहिला, मग गिळून म्हणाला, "काय खातोस रे हे, गंभ्या? पाणी पी आधी." सुभानजीने खोगीर उतरविले, आणि त्या दिवशी कोणी गेले नाही.

येणेप्रमाणे हकीकत. पुढे तीन घासांचा नेम मोडला आणि वार्ता सर्वत्र पसरली, परंतु घात कोणी केला नाही. उलट दरबारात ज्याला त्याला कारले प्रिय जाहले, वाड्यावाड्यांत वेल चढले, आणि नारो शामजी पंगतीत डोळ्यांत पाणी आणून दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले. सारांश लिहावयाचा तो इतकाच: महाराजांस अरे म्हणणारी माणसे पूर्वी तीन होती, मग दोन उरली, त्या द्वादशीस एक दुपारभर एकही नव्हते, आणि दिवस मावळण्याआधी पुन्हा दोन जाहली. लेखनसीमा.