उलटून न पाहिलेली प्लेट

आमच्या या कथेतले साहेब स्वतःला काय समजत होते, ते आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे उगाच त्यांची कीव यायला नको. साहेब बुरशीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणसांना आणि जनावरांना होणारी कुठलीही बुरशी आपण एका नजरेत ओळखतो, असं ते लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसालाही सांगत. लोक पाठीमागे त्यांना ‘नजरसाहेब’ म्हणत. ते नाव त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि हा आपला गौरव आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती!

बुरशी ओळखायची रीत तशी साधी आहे. कातडीचा थोडा भुसा खरवडायचा, काचेच्या प्लेटमध्ये पेरायचा, दोन-तीन आठवडे थांबायचं. मग वरचा रंग बघायचा, प्लेट उलटून खालचा रंग बघायचा आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. नजरसाहेब फक्त वरून बघत.

“साहेब, एकदा उलटून बघू का?” प्रयोगशाळेतल्या टेक्निशियनबाई विचारत. बाई तिथे बावीस वर्षं होत्या.

“बाई, उलटून बघतो तो नवशिका!” साहेब म्हणत. “आंबा पिकलाय की नाही हे बघायला मी झाड उलटं करतो का?”

 साहेब केबिनमध्ये गेले की बाई प्लेट उलटत, रिपोर्ट दुरुस्त करत आणि सहीसाठी पुढे ठेवत. साहेब न वाचता सही करत. असा त्या नजरेचा लौकिक वाढत चालला होता!

आणि एक दिवस साहेबांच्या बायकोच्या कोपरावर गोल, लालसर चट्टा उठला. आठवड्याभरात साहेबांकडेच राहणाऱ्या सासूबाईंच्या मनगटावर त्याचं पिल्लू निघालं.

“केनिस!” साहेब गरजले. “मांजराची बुरशी!”

घरात मांजर होतं. सासूबाईंचं. करडं, लठ्ठ, नाव महाराणी. साहेबांच्या आरामखुर्चीत ती साहेबांपेक्षा जास्त रुबाबदार दिसायची, आणि साहेबांचं दुखणं खरं तर तिथंच होतं. दहा मिनिटांत त्यांनी फतवा लिहून फ्रिजवर चिकटवला:

‘ज्याच्यापासून संसर्ग झाला, त्याने चार आठवडे गॅलरीत राहायचं. ताट वेगळं. टॉवेल वेगळा. कोणालाही सवलत नाही.’ खाली लफ्फेदार सही.

“जावईबापू, मांजराला वाचता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“तिला नाही, तुम्हाला येतं ना! तुमच्यासाठीच आहे ते.”

महाराणी गॅलरीत गेली. साहेबांनी तिच्या अंगावरून नवा कोरा टूथब्रश फिरवला आणि तो प्लेटवर टेकवला. मांजराची बुरशी अशीच पकडतात, आणि एवढं एक काम त्यांनी नियमाप्रमाणे केलं. त्याबद्दल हाताला तीन ओरखडे मिळाले. बायकोच्या कोपराचा भुसा दुसऱ्या प्लेटमध्ये पेरला. हे चालू असताना ते सारखे एका पायाने दुसरा पाय खाजवत होते.

“अहो, तुमच्या पायाला काय झालंय?” बायकोने विचारलं.

“कोरडी त्वचा. सहा वर्षांपासून आहे. एका नजरेत ओळखली होती.”

अडीच आठवड्यांनी साहेबांनी केबिनमध्ये ठेवलेल्या बायकोच्या प्लेटवर पांढरीशुभ्र, कापसासारखी बुरशी आली. मांजराच्या प्लेटवर काहीच आलं नाही. शहाणा माणूस इथे थांबला असता. साहेब म्हणाले, “बघा, किती लबाड जनावर आहे! पुरावासुद्धा मागे ठेवत नाही!”

घरी त्यांनी निकाल जाहीर केला. केनिस. आरोपी दोषी. मांजर घराबाहेर.

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी कपाटावरची बॅग काढली.

“रविवारी मी महाराणीला घेऊन बहिणीकडे जाते,” त्या म्हणाल्या. “आणि तिकडेच राहते. जिथे तिला जागा नाही, तिथे मला तरी कशाला?”

बायकोचा चेहरा उतरला. वडील गेल्यापासून आई त्या मांजराशी बोलून दिवस काढत होती, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंच्या साड्या एकेक करून बॅगेत जाताना बघून तिला रडू फुटलं.

“अहो, निदान एकदा ती प्लेट दुसऱ्या कोणाला तरी दाखवा ना! तुमची चूकही होत असेल.”

चूक! नजरसाहेबांची! त्यांना बायकोचं रडू दिसलं नाही, फक्त तो एक शब्द ऐकू आला.

“दाखवतो!” ते ओरडले. “एकाला नाही, अकरा जणांना दाखवतो! शुक्रवारी माझ्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. हीच प्लेट ठेवतो. अकराच्या अकरा जण केनिस लिहितील, मग तर विश्वास बसेल?”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

शुक्रवारी टेबलावर प्लेट मांडली गेली. शेजारी साहेबांच्या हातची चिठ्ठी: ‘नमुना सात. स्त्री. कोपरावर चट्टा. घरात संशयित मांजर.’ इतका ढळढळीत इशारा देऊनही अकराच्या अकरा विद्यार्थ्यांनी लिहिलं, ‘रुब्रम’, म्हणजे वेगळीच बुरशी. साहेबांनी अकराही जणांना शून्य दिलं आणि प्रत्येक उत्तराखाली शेरा मारला, ‘डोळे उघडा!’

आता, अकरातला एक चुकला तर तो ढ. दोघे चुकले तर कॉपी. पण अकराही जण एकच चूक करतात म्हटल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा पुसला. बाई चणीने एवढ्याशा, आवाजही एवढासा. त्यांनी प्लेट उचलली आणि सरळ पालथी केली.

खालून ती गडद लाल होती. बीट किसल्यासारखी लाल!

“केनिस खालून पिवळी असते ना?” परीक्षकबाई म्हणाल्या. “ही तर रुब्रम. मुलांचं बरोबर आहे. तुम्ही उलटून बघितली नव्हती का?”

“साहेब उलटत नाहीत,” टेक्निशियनबाई म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खणखणीत लागला. “आम्ही उलटतो.”

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्यांनी शेवटचा डाव टाकून पाहिला. “पण मॅडम, घरात मांजर आहे!”

“असू दे की. रुब्रम मांजरावर राहत नाही, माणसावर राहते. बहुतेक वेळा पायावर. एक जण पाय पुसतो, त्याच टॉवेलने दुसरा हात पुसतो, झालं!” बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. “पेशंट कोण आहे?”

“माझी... पत्नी.”

“मग घरात पायाला खाज कोणाला आहे?”

 उत्तरादाखल टेबलाखालून खर्र, खर्र असा आवाज येत होता. अकरा विद्यार्थी, एक परीक्षक आणि एक टेक्निशियनबाई खाली वाकले. साहेबांचा उजवा बूट साहेबांच्या डाव्या घोट्याला मनापासून घासत होता.

“सर,” मागच्या रांगेतली एक मुलगी अगदी अदबीने म्हणाली, “डोळे उघडू का?”

साहेबांनी अकरा शून्यं खोडली. मोजा काढायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. मग परीक्षकबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी मोजा काढला. टेक्निशियनबाईंनी बोटांच्या बेचक्यातून भुसा खरवडला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि म्हणाल्या, “बुरशीचे धागेच धागे आहेत साहेब! शेती आहे नुसती!”

बातमी साहेबांच्या आधी घरी पोचली, कारण टेक्निशियनबाईंकडे साहेबांच्या बायकोचा नंबर होता. साहेबांनी दार उघडलं तेव्हा महाराणी आरामखुर्चीत होती. सासूबाईंची रिकामी बॅग कपाटावर परत गेली होती. फ्रिजवरचा फतवा काढून कोणीतरी गॅलरीच्या दारावर चिकटवला होता, आणि काचेपलीकडे साहेबांची गादी अंथरलेली दिसत होती.

“अगं, पण मी घरातला कर्ता माणूस!” साहेब बायकोला म्हणाले.

“‘कोणालाही सवलत नाही,’” बायकोने वाचून दाखवलं. “सही तुमचीच आहे. अक्षर लागत नसेल तर सांगा.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचा कळसा तर मोज्यात होता! सहा वर्षं!”

“सॉरी, आई,” साहेब पुटपुटले.

“मला कशाला? तिला म्हणा.”

आणि बुरशीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी आरामखुर्चीपुढे उभं राहून एका मांजराची माफी मागितली! महाराणीने जांभई दिली.

चार आठवडे साहेबांनी गॅलरीत काढले. वेगळं ताट, वेगळा टॉवेल, दिवसातून दोनदा मलम. समोरच्या इमारतीतली माणसं सकाळी हात हलवायची. बायकोचा कोपर आणि सासूबाईंचं मनगट केव्हाच स्वच्छ झालं. अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी साहेबांनी पाय पुढे करून वरून नीट पाहिलं, आणि काचेवर टकटक केली.

“बरा झालो! एका नजरेत सांगतो, खडखडीत बरा! दार उघडा!”

सासूबाई दारापर्यंत आल्या. कडीला हात लावला, आणि थांबल्या.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तळवा दाखवा बघू.”

साहेबांनी पाय उलटा केला.

सासूबाईंनी पाहिलं, बायकोने पाहिलं. मग नाइलाजाने साहेबांनीही पाहिलं.  सासूबाईंनी दार बोटभर उघडलं, मलमाची नवी ट्यूब बाहेर सरकवली आणि कडी पुन्हा लावून घेतली.