आठशे फोटो, एक ओळ

आबा मोरे माऊसला हात लावत नसत. देवासच्या त्यांच्या दुकानात माऊस होता, पण टेबलाखाली उलटा पडलेला. आबा कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हुकमाची एक ओळ टाइप करत, एंटर दाबत आणि जिंकल्यासारखे खुर्चीत रेलत. "एक ओळ, आठशे फोटो! टिचक्या मारत बसायला आपण काय कॅरम खेळतोय?"

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी हा धंदा काढला, तेव्हा लग्नाच्या फोटोंची डीव्हीडी करून घ्यायची टूम नवी होती. सगळे फोटो टीव्हीच्या मापाचे करायचे, मागे सनई लावायची, तबकडी तयार. शेजारचा दुकानदार एकेक फोटो उघडून हे करी. आबा त्याला दारातूनच विचारत, "क्यों भिया, मेहंदी तक पहुँचे?"

फोटो न बघता काम झालं, याचाच आबांना अभिमान. कन्नौदच्या एका घराने मुलीची अख्खी हळद माना वाकड्या करून पाहिली; उभे फोटो आडवे पडले होते. वडील तक्रार घेऊन आले. आबा म्हणाले, "ओळ चुकत नसते. फोटोग्राफरला सांगा, कॅमेरा सरळ धर."

आमच्या कॉलनीतल्या जोगकाकूंच्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडीही आबांनीच केली होती. लग्नानंतर चार महिन्यांत जोगकाका गेले. काकांना फोटोचा संकोच. अलीकडचे फोटो होते ते लग्नातलेच. भिंतीवर लावायला एक हवा म्हणून काकू दुकानात गेल्या. मी सोबत होतो.

काका प्रत्येक फोटोत रांगेच्या कडेला उभे राहिले होते. आणि टीव्हीच्या मापासाठी आबांच्या ओळीने आठशेच्या आठशे फोटोंच्या दोन्ही कडा छाटल्या होत्या.

"भाऊजी, यांचा अर्धा खांदा तेवढा दिसतोय."

"मूळ फोटोत असतील ना."

मूळ फोटो नव्हते. ओळीने छाटलेला फोटो जुना पुसून त्याच्याच जागी साठवला होता. फोटोग्राफरने कॅमेऱ्याचं कार्ड कधीच रिकामं केलं होतं. आबांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माणसानं कडेला उभं राहायचं तरी कशाला?"

काकू उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. आबा लग्नाला आलेल्यांची यादी घेऊन स्कूटरवर फिरत होते. ज्याने स्वतःचा कॅमेरा आणला असेल, त्याच्या दारात उभे. धारला कोणाकडे फक्त जेवणाच्या पंगती निघाल्या. कन्नौदला एक फोटो मिळाला, त्यात काकांचे डोळे मिटलेले. अखेर धरमपुरीत, व्याह्यांच्या चुलतभावाकडे, रोलवाल्या कॅमेऱ्याचा एक धुतलेला फोटो सापडला. हातात विडा, काका खळखळून हसतायत.

आबांनी तो मोठा करून, फ्रेम लावून आणला. काकूंनी पदराने काच पुसली. मग त्यांचं बोट काकांच्या पलीकडे सरकलं. तिथे आणखी एक जण होता, काकांच्या खांद्यावर हात टाकून.

"अगं बाई, भाऊजी, हे तुम्हीच की! म्हणजे यांच्याबरोबर तुम्हीसुद्धा कापले गेला होतात."

"हो."

"मग तेव्हा बोलला नाहीत?"

आबा चपला घालत होते.

"मला कोण शोधत होतं, वहिनी?"