हं आल्याशिवाय पुढे नाही

देवमनरावांशी बोलताना दर वाक्यानंतर 'हं' म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर ते थांबतात. रागावत नाहीत, फक्त पुढचं वाक्य तोंडात धरून तुमच्याकडे पाहत राहतात. तिवशाच्या एका शाळेनं त्यांना झेंडावंदनाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. विद्यार्थी मित्रांनो, आज आनंदाचा दिवस आहे, एवढं बोलून ते थांबले. पोरं उन्हात उभी. शेवटी न राहवून हेडमास्तर "हं" म्हणाले, तेव्हा भाषण पुढे सरकलं. ते दोन पानांचं होतं. हेडमास्तरांना शेवटपर्यंत माइकजवळून हलता आलं नाही.

ही सवय त्यांना आमच्या दैनिकानं लावली. ते तिवशाचे वार्ताहर, मी अमरावतीच्या कचेरीत उपसंपादक. संध्याकाळी ते फोनवरून बातमी सांगत, मी लिहून घेई आणि वाक्यागणिक हं म्हणे. हं म्हणजे लिहिलं, पुढे बोला. विरामचिन्हंही ते मोठ्यानं सांगत. पुढे तर चहावाल्यालाही सांगू लागले, "एक चहा, स्वल्पविराम, साखर कमी, पूर्णविराम." चहावाला शहाणा होता. आधी हं म्हणायचा, मग स्टोव्ह पेटवायचा.

मग कचेरीत आवाजावरून मजकूर तयार करणारं सॉफ्टवेअर आलं. वार्ताहरानं मोबाइलवर बातमी बोलून फाइल पाठवायची, मशीन ती लिहून काढणार, मी फक्त तपासायची. देवमनरावांची पहिली फाइल एका वाक्याची होती. त्यानंतर दीड मिनिट काहीच नाही, आणि शेवटी, "साहेब, हे हं म्हणून नाई राहिलं."

मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बातमी पूर्ण आली, पण प्रत्येक वाक्यामागून एका बाईचा हं येत होता. मशीननं तो इमानानं लिहिला होता. सरपंचपदाची निवडणूक बिनविरोध झाली हं. मी रोज ते हं एकेक करून पुसत असे. शेवटी संपादकांना सांगितलं, या फाइली साफ करण्यात माझा वेळ जातो. जात होताच. त्यांनी नियम काढला: फाइलमध्ये एकच आवाज हवा, ज्याला जमणार नाही, त्याचं काम बंद. नागपूरला जाताना वाटेत उतरून हा नियम देवमनरावांना मीच सांगायचा होता.

मी त्यांच्या घरी पोचलो तेव्हा बातमी चालू होती. मोबाइल पाटावर ठेवलेला, समोर वहिनी तूर निवडत बसलेल्या. हात सुपात, नजर देवमनरावांकडे; ते वाक्य संपवून थांबले की त्या हं म्हणत. बातमी संपल्यावर मी वहिनींना नमस्कार केला. त्यांचं लक्ष गेलं नाही.

"तिले ऐकू येत नाई," देवमनराव म्हणाले. "माहं तोंड थांबलं का म्हणते."

मग त्यांना बसवता कशाला, मी विचारलं.

"ऐकू येत नाई तेच बरं हाये. असल्या बातम्या तिनं कावून ऐकाव्या?" त्या वर्षांत तिवशाहून दर आठवड्याला एखादी तरी बातमी शेतकऱ्यानं जीव दिल्याची असे. "पण समोर माणूस पायजे, साहेब. मेलेल्याचं नाव या डबड्याले नाई सांगवत. तुमी होते तवा बरं होतं. तुमी ऐकत होते."

मी ऐकत नव्हतो. गाव, नाव, वय झालं की माझं लिहिणं थांबे. अशा बातमीला चार ओळींपेक्षा जास्त जागा नसायची. ते पुढे सांगत राहत, मागे कोण राहिलं, मुलगी कितवीत आहे. मी रिसीव्हर मानेत धरून दुसऱ्याच बातमीचा मथळा जुळवत असे आणि हं म्हणत असे.

मी नियम सांगितला. ते बरं म्हणाले आणि थांबले. वहिनींनी त्यावरही हं म्हटलं.

दुसऱ्या दिवशीची फाइल एकाच आवाजाची होती. चार मिनिटांत तपासून झाली. शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी. गाव होतं, वय होतं, नाव नव्हतं. मी रेकॉर्डिंग लावून पाहिलं. नावाच्या जागी शांतता होती. मशीन शांतता लिहीत नाही.

मी फोन लावून नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी हं म्हटलं. मग, आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, मागे कोण आहे.

मी हं म्हटलं होतं, तरी ते थांबले होते.

"लिहून राहिले का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला एकदाही केला नव्हता.

मी टेबलावर पेन शोधू लागलो.