डोक्यातून नेलेला डाव

निमखेडच्या दूध संघातलं मशीन जुन्या डब्यातून नव्या डब्यात नेताना त्याचा चालू विचार गेनूआबा काकड्याच्या डोक्यातून न्यावा लागला, कारण दोन डब्यांचे प्रोसेसर एका घराण्याचे नव्हते.

मशीन म्हणजे दिसतं ते नव्हे. दिसतो तो डबा, त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच्या आत हे दुसरं मशीन बिऱ्हाड करून राहतं. त्याला अंग नाही, नुसता जीव. सकाळ-संध्याकाळ ते दुधाची फॅट बघून भाव लावायचं आणि दुपारी कचेरीत सामसूम झाली की गेनूआबाशी बुद्धिबळ खेळायचं.

गेनूआबा तिसरीतून पळालेला. संघाच्या गाडीवर दुधाचे कॅन चढवण्यात त्याचा जन्म गेला. आता कामाला नव्हता, पण घरात बसला की सुनेशी भांडायचा, म्हणून घरच्यांनीच त्याला दुपारी संघात धाडायचं ठरवलं होतं. मशीनकडून तो आजवर फक्त हरत आला होता. ह्या डावात मात्र तो जिंकत होता. पटाच्या कडेला त्यानं एक घोडा असा दडवला होता, की मशीन चुकून सरळ चाललं तर त्याचा राजा मेलाच. चाल मशीनची होती. ते कालपासून विचार करत होतं, कारण जुन्या डब्याचा पंखा खरडायला लागला होता आणि डबा तापून मंद झाला होता.

मशीन तारेतून पाठवून बघून झालं होतं. ते कॅनॉलपलीकडच्या इमारतीत, नव्या डब्यात सुखरूप पोचलं, "नमस्कार, आज म्हशीच्या" एवढं बोललं आणि दातखीळ बसल्यासारखं गप्प झालं. ह्या कामासाठी शहरातून आलेल्या मृणाल शेडगेनं ते परत आणलं.

"काय झालं गं त्याला?" गेनूआबानं विचारलं.

"जुन्या डब्यात ते एका ढबीनं हिशेब करायला शिकलंय, आबा. नव्या डब्याला ती ढब माहीतच नाही. पाय टाकला आणि पायरीच नाही, असं झालं त्याचं."

"मग बंद करा, न्या, तिकडं चालू करा," सेक्रेटरी मानसिंगराव म्हणाले. "संध्याकाळचं दूध यायच्या आत भाव लागले पाहिजेत. हा डबा तोवर टिकायचा नाही."

"बंद करून नेलं तर काहीच अडचण नाही," मृणाल म्हणाली. "उठल्यावर ते नव्या ढबीनं चालेल. भाव, सभासद, सगळं राहील. फक्त बंद करताना डोक्यात जे चाललं असेल ते जाईल."

"म्हणजे माझा डाव जाईल," गेनूआबा म्हणाला.

"नवा मांडा की, आबा," मानसिंगराव म्हणाले.

"तुझं लगीन अंतरपाटापर्यंत आल्यावर कुणी म्हटलं असतं, नवं मांड, तर?"

मानसिंगरावांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला.

तेवढ्यात मशीन स्पीकरातून बोललं. "साहेब, चाल माझी आहे. मधूनच उठून जाणं बरं दिसत नाही."

मृणालनं वरच्या ऑफिसला फोन लावला, पुष्कळ वेळ "हो सर, हो सर" केलं आणि फोन ठेवला. "घराणी वेगळी असली की मध्ये माणसाचं डोकं घालायची सोय आहे. पण डोक्याला जितकं कमी येत असेल तितकं बरं. त्यात जे मावतं, ते कुठल्याही प्रोसेसरला झेपतं. साहेब, तुमचं शिक्षण?"

"बी. कॉम. शिवाय सहकाराची पदविका."

"नाही चालणार. आबा, पाढे येतात?"

"बाराचा अर्धा."

"आणि पुढं?"

"पुढं गुरुजींनी मारलं."

"उत्तम," मृणाल म्हणाली. "वाटेत कुणाशी बोलायचं नाही, हिशेब करायचा नाही. स्वतःचा विचार तर अजिबात करायचा नाही."

"आबांना काही जड जायचं नाही," मानसिंगराव म्हणाले.

गेनूआबाला आत्ता भांडायचं नव्हतं. आत राहायला कसं वाटतं, हे तो मशीनला कितीदा तरी विचारून चुकला होता. "सांगता येत नाही, आबा," एवढंच उत्तर यायचं. आता आयतंच कळणार होतं. त्यानं टोपी काढली आणि कपाळ डब्याला टेकवलं. डबा चटका देत होता. मग कानात पाणी गेल्यासारखं झालं आणि पंख्याची खरखर थांबली.

तो निघाला. कॅन भरलेला असला की हिंदकळू द्यायचा नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मृणाल छत्री धरून बाजूनं चालत होती.

आत काय होतं? आधी म्हशीचा भाव, गाईचा भाव, एकसारखे टपटपत. त्यांच्यामागं पट होता, पण उलटा. गेनूआबाचीच प्यादी त्याच्यावर चालून येताना दिसत होती, आणि ती इकडून बरीच भित्री वाटत होती. आणखी एक म्हातारा होता, ज्याचं तोंड नव्हतं, नुसता आवाज होता. चाल दडवली की तो उगीच खोकायचा. गेनूआबाला ओळखायला जरा वेळ लागला.

म्हणजे घोडा मशीनला दिसला होता. कालच दिसला होता. उंट तिरका आणला की सापळा मोडत होता. आणि त्या उंटाच्या अंगावर, तापल्या दुधावर साय यावी तसं ऊन-ऊन, मऊसं काहीतरी पसरलेलं होतं. जाऊ दे. जिंकू दे आबांना एकदा.

गेनूआबा कॅनॉलच्या पुलावर थांबला.

"आबा, चला," मृणाल म्हणाली.

तो बोलला नाही, कारण बोलायचं नव्हतं. पण त्याचे कान लाल झाले. त्यानं ती साय आतल्या आत अलगद सोडवली, उंटाला धक्का न लावता, आणि तंबाखू थुंकावी तशी पुलाच्या मधोमध थुंकून टाकली. मग पुढं चालू लागला.

नव्या डब्याला कपाळ टेकवून त्यानं बाकीचं सगळं ओतलं. मृणालनं पडद्यावर बघितलं. "आबा, थोडं कमी भरलंय."

"वाहतुकीत घट धरतात," गेनूआबा म्हणाला. "संघाचा नियम आहे."

"धरतात खरी," मृणाल म्हणाली आणि तसं लिहून घेतलं.

नव्या डब्याचा दिवा लागला. मशीन म्हणालं, "नमस्कार. आज म्हशीच्या दुधाला कालचाच भाव. आबा, माझा उंट तिरका घ्या."

मानसिंगरावांनी पट पाठोपाठ आणवला होता. गेनूआबानं स्वतःच्या हातानं उंट तिरका सरकवला. घोडा मेला. थोड्याच चालींत राजाही गेला.

"हरलात, आबा," मशीन म्हणालं. "मला वाटलं होतं, मी दुसरंच काहीतरी खेळणार होतो."

"आता कसं माणसासारखं खेळलास," गेनूआबा म्हणाला आणि नवा पट मांडायला घेतला. त्या दिवसापासून तो चाल दडवली की खोकत नाही.

कॅनॉलचा पूल अरुंद आहे. उसाचा ट्रॅक्टर आणि दुधाचा टेम्पो तिथं समोरासमोर आले की आयाबहिणी निघायच्या. आता तसं होत नाही. पुलाच्या मध्यावर आले की दोघंही ब्रेक लावतात. हा म्हणतो, "दादा, तुम्ही आधी." तो म्हणतो, "छे, छे, पाहुणे, तुम्हीच." मग दोघंही मागं सरकतात आणि दूध नासेपर्यंत कुणीच पुढं येत नाही.

ग्रामपंचायतीनं ठराव करून तिथं एक माणूस नेमला. ओरडून, प्रसंगी शिव्या देऊन, एकाला पुढं काढायचं, एवढंच काम. अर्ज पुष्कळ आले, पण निवड एकमतानं गेनूआबाची झाली.

तो पुलाच्या अलीकडं उभा राहून ओरडतो. दुपारी काम सुटलं की डावाला जायचं असतं. तेव्हा तो धोतर खोचतो आणि खालून, कॅनॉलच्या कमरेइतक्या पाण्यातून पलीकडं जातो.