पिळाची नळी आणि वाटोळी गोळी

बाळांनो, गोष्टीआधी एक सांगा बरं. बाजारात नवी वस्तू आली आहे. एकजण ती विकतो, दुसरा ती वापरतो. तुम्ही खरेदीला निघालात, तर दोघांपैकी विश्वास कुणावर ठेवाल?

वापरणाऱ्यावर? शाबास. सगळे असंच म्हणतात. विकणाऱ्यांची दुकानं त्यावरच तर चालतात.

तर एका जंगलात, जिथं राज्य वाघाचं होतं आणि कारभार कोल्ह्याचा, रखमाजी नावाचा एक मुंगूस राहत असे. तो जंगलाचा नेमबाज होता. जंगलाला नेमबाज कशाला, असं विचाराल. तेही ऐका.

फार पूर्वी तिथं एक शिकारी आला होता. समोर वाघ बघून तो असा पळाला, की बंदूक आणि एक पायताण मागेच राहिलं. पायताण वाळवीनं खाल्लं. बंदूक उरली. ठासणीची होती ती. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची वाटोळी गोळी घालायची, आणि गजानं ठासून तळाला बसवायची. शेजारच्या जंगलातूनही असाच एक शिकारी पळाला होता. त्यामुळे दोन्ही जंगलांकडे एकेक बंदूक झाली. आणि दोघांच्या मध्ये होता एक डोह.

दोन बंदुका आणि एक डोह म्हटल्यावर माणसांनी काय केलं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जनावरं जरा समजूतदार. त्यांनी ठरवलं, शिमगा झाला की डोहापलीकडच्या पळसाला भोपळा टांगायचा आणि दोघांनी एकेक गोळी झाडायची. ज्याची लागेल, त्याचा डोह आणि त्याचा काठ पावसाळ्यापर्यंत. दोघांची लागली तर डोह दोघांचा.

रखमाजीचं बीळ डोहाच्या काठावरच होतं. बायको सगुणा, पदरी लहान पिल्लं. उन्हाळ्यात दुसरं पाणी कोसभर नव्हतं. म्हणून रखमाजी दरवर्षी जीव लावून नेम धरी, आणि दरवर्षी भोपळा फुटे.

बंदूक तो नळीचं तोंड दातांत धरून ओढत नेई. त्या नळीला आतून खाचा होत्या. त्या सरळ नव्हत्या, वळत गेलेल्या होत्या. त्या वळणानं गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे, म्हणून भरकटत नसे. पण वळण फार सावकाश होतं. अख्खी नळी संपली, तरी खाच जेमतेम अर्धा फेरा घेई.

एकदा कोल्हेसाहेब दूरच्या जंगलातून परतले. सोबत नवी नळी होती. भर सभेत त्यांनी ती वाघोबा महाराजांच्या डोळ्याला लावली.

"काय दिसतं, महाराज?"

"घेरी येते," महाराज म्हणाले.

"तेच तर! पीळ बघा ह्यातला. जिलबी झक मारते. आपल्या नळीत गोळी अर्धा फेरा फिरते, ह्यात चांगले दोन फेरे फिरते. काय रखमाजी, फिरण्यानंच नेम लागतो ना?"

"लागतो," रखमाजी म्हणाला.

"मग जास्त पीळ, जास्त नेम. एवढं तर गाढवालाही कळेल."

सभेतल्या गाढवानं मान हलवली.

कोल्हेसाहेबांनी नळी बंदुकीवर चढवली आणि स्वतःच्या बटव्यातून गोळी काढून बार उडवून दाखवला. दूरच्या वारुळाचं टोक उडालं. सभा 'वा' म्हणाली. गिऱ्हाईक वस्तूला हात लावण्याआधीच 'वा' म्हणालं, की विकणारा घासाघीस करत नाही. तो फक्त हसतो. कोल्हेसाहेब हसले.

रखमाजीला मात्र ती गोळी ओझरती दिसली होती. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, तुमची गोळी लांबट होती का हो? शेंगेसारखी?"

"तिकडची पद्धत आहे तशी."

"मग आपणही लांबट गोळ्या ओतून घ्यायच्या का?"

हे ऐकून महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. "गोळी वाटोळीच राहील! आमच्या पणजोबांवर झाडली होती, तीसुद्धा वाटोळीच होती. परंपरा म्हणून काही आहे की नाही?"

"नळी नवी, गोळी जुनी," कोल्हेसाहेब म्हणाले. "प्रगतीही झाली आणि संस्कृतीही राहिली." टाळ्या पडल्या.

मग ते रखमाजीच्या कानाशी लागले. "दोन शब्द बोला. नेमबाजाच्या तोंडून आलं की जंगलाची खात्री पटते. महाराजांच्या मनात तुम्हाला किताब द्यायचाय. पीळभूषण."

रखमाजीनं त्या नळीतून एकही गोळी झाडली नव्हती. पण किताब त्यानं मनातल्या मनात स्वतःच्या नावापुढं लावून बघितला, आणि तो बरा दिसला. तो उभा राहिला.

"अशी नळी मी जन्मात पाहिली नाही," तो म्हणाला. हे खरंच होतं. तिथंच थांबला असता तर ही गोष्टही थांबली असती. पण टाळ्या आल्या आणि तो पुढं बोलला, "हिच्यानं डोळे मिटूनसुद्धा भोपळा फुटेल!"

जुनी नळी कोल्हेसाहेबांनी काढून घेतली. "मोडीत घालतो," म्हणाले.

घरी सगुणानं विचारलं, "अहो, एकदा झाडून तरी बघितलीत का?"

"पीळभूषणला विचारतेस तू?"

"भोपळ्याला कुठं ठाऊक असणार तुम्ही कोण ते!"

म्हणून रखमाजी सकाळी डोहावर गेला. पळसाला भोपळा टांगला. शिरस्त्याप्रमाणे मापाचं शिंग भरून दारू घातली, चिंधी गुंडाळली, गोळी ठासली, बार काढला. गोळी भोपळ्याच्या डावीकडून गेली. पुढची उजवीकडून. तिसरी पाण्यात पडली, आणि एक बेडकी ओरडली, "रखमाजी भावोजी, पोरं अंघोळीला उतरलीत इकडं!"

रखमाजीनं नळीतून उडालेली चिंधी उचलून बघितली. तिच्या चिंध्या झाल्या होत्या. पलीकडच्या मऊ मातीतून गोळी उकरली. तिच्यावर खाचांची खूण नव्हती, नुसतं खरवडल्यासारखं झालं होतं. तो बराच वेळ गोळी हातात फिरवत बसला.

बाळांनो, बैलगाडी भरधाव सोडली आणि वळण आवळ असलं, तर काय होतं? वळण वळणाच्या जागी राहतं आणि गाडी शेतात जाते. इथं तेच होत होतं. लांबट गोळीचं पोट खाचांना धरून बसतं. तिला सरळ ठेवायला फेरेही जास्त लागतात. वाटोळ्या गोळीला थोडंसं फिरणं पुरतं, आणि खाच धरायला तिच्याकडं जागाच नसते. मागून दारूचा धक्का आला, की ती वळण सोडून तशीच निसटते.

रखमाजीनं दारू निम्मी केली. गाडी सावकाश हाकली म्हणा. भोपळा फुटला. दुसरा टांगला. तोही फुटला.

तो उड्या मारत कोल्हेसाहेबांकडं गेला. "साहेब, लागतो नेम! निम्म्या दारूत लागतो!"

"आवाज?"

"जरा कमी."

"जरा म्हणजे?"

"काठावरचा बगळा उडाला नाही."

कोल्हेसाहेबांनी उसासा टाकला. "रखमाजी, भोपळा डोहापलीकडं असतो. तो किती जणांना दिसतो? आवाज सगळ्यांना ऐकू येतो. आणि लोक विचारतील, पीळभूषण, हे निम्म्या दारूचं तुम्ही सभेत का नाही बोललात? काय सांगणार? न झाडताच तारीफ केली म्हणून?"

रखमाजी दारूचं शिंग चाचपून बघू लागला. मग म्हणाला, "पण दारू किती घालायची, ते माझ्याच हातात आहे ना?"

"अर्थात! आम्ही कधी कुणावर जबरदस्ती केली?"

शिमगा झाला. दोन्ही जंगलं डोहावर जमली. आधी शेजाऱ्यांची पाळी. त्यांची नेमबाज म्हणजे एक म्हातारी उदमांजर. तिनं सावकाश बंदूक भरली, सावकाश झाडली. टप्प. भोपळा फुटून खाली पडला.

आपलं जंगल पोट धरून हसलं. "काय गं आजी, झाडलीस की शिंकलीस?"

रखमाजी हसला नाही. त्याची नजर तिच्या नळीवर होती. तोंडाजवळ दातांचे बारीक व्रण होते. त्याचेच.

"चांगली नळी टाकून दिलीत हो," उदमांजर म्हणाली. "आमची गंजली होती. कोल्हेसाहेबांनी ही आणून दिली. फार सज्जन गृहस्थ."

दुसरा भोपळा टांगला गेला. अजून काही बिघडलं नव्हतं. तो फुटला, तर निम्मा डोह राहणार होता, आणि बीळही. रखमाजीनं निम्मी दारू नळीत ओतली. गर्दीत सगुणा उभी होती. ती चिमूट दाखवून खुणावत होती, बास, बास.

तेवढ्यात महाराज गरजले, "पीळभूषण! आवाज आमच्या सासुरवाडीपर्यंत जाऊ द्या! मेहुणे कान लावून बसलेत!"

"पीळभूषण! पीळभूषण!" सगळं जंगल ओरडू लागलं. शेजाऱ्यांतून कुणीतरी कुजबुजलं, "हाही शिंकतोय वाटतं."

रखमाजीचा हात थांबला. मग त्यानं उरलेली दारूही ओतली. आणि वर थोडी आणखी.

आवाज असा झाला, की डोंगरानं तो दोनदा परत केला. बगळे उडाले. मधमाश्यांचं पोळं तुटलं. सासुरवाडीला कान लावून बसलेले मेहुणे दचकून उठले. धूर विरला तेव्हा भोपळा जागच्या जागी होता. गोळी कुठं गेली, ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

डोह गेला.

पण आपल्या जंगलानं रखमाजीला खांद्यावर घेतलं. असा आवाज कुणी ऐकला नव्हता. सभेत चौकशी झाली. नेम का चुकला? कोल्हेसाहेब उठले. "स्पष्ट बोलतो. पीळ कमी पडला. पुढच्या वर्षी ह्याच्या दुप्पट पिळाची नळी आणू." ठराव मांडला गेला. अनुमोदनाला जाणकार हवा होता. सगळ्या माना रखमाजीकडं वळल्या. आता किताब महापीळभूषण होणार होता.

डोहाच्या काठावर शेजाऱ्यांचे पहारेकरी आले होते. सगुणानं बीळ सोडलं, पिल्लांना गोळा केलं आणि ती सभेच्या कडेला येऊन उभी राहिली.

"येताय ना?"

"तू हो पुढं. ठराव झाला की आलोच."

ती गेली. रखमाजी बोलायला उभा राहिला. नव्या नळीबद्दल तो फार सुंदर बोलला. बोलता बोलता घसा कोरडा पडला. आवाज फुटेना. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. पाणी कुणाकडंच नव्हतं. सभेला वाटलं, त्याला गहिवरून आलंय. टाळ्या थांबेनात.

तात्पर्य: वस्तूची तारीफ ती वापरण्याआधीच करून टाकावी. वापरल्यावर करणं जड जातं. नेम चुकला तर पीळ वाढवावा. तरीही चुकला, तर भोपळ्याची चौकशी लावावी.

तुम्ही मोठे व्हाल, शहाणे व्हाल, तुम्हालाही कुणी किताब देईल. तो खुशाल घ्या. मागणं एवढंच आहे, बाळांनो, की कुठलाही हिशेब हाती आला, तर किती बार उडाले ते एका बाजूला मांडा, किती लागले ते दुसऱ्या बाजूला मांडा, आणि दुसरी बाजू कोरी राहिली तर कोरीच राहू द्या.