साहेबांनी गूळ खाल्ला

परभणी जिल्ह्यातल्या एका विकास गटाच्या कचेरीला १९५८ साली असा शोध लागला, की लोकांची कामं अडतात ती पैशावाचून नव्हे, माणसांवाचूनही नव्हे. ती संवादावाचून अडतात. पूर्वी निजामाच्या अमलात साहेब उर्दूत बोलत आणि लोक मराठीत ऐकत, त्यामुळे गैरसमज व्हायची सोयच नव्हती. आता साहेबही मराठी बोलू लागले होते आणि त्यांचं म्हणणं लोकांना कळू लागलं होतं. बाब गंभीर होती.

तेव्हा कचेरीने आपले समाजशिक्षण संघटक दिनकरराव यांना सुसंवादाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. दिनकरराव पदार्थविज्ञानाचे पदवीधर, वयाने तरुण आणि नोकरीत हंगामी. प्रशिक्षणात त्यांनी सगळं मन लावून शिकून घेतलं. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहावं. मधूनमधून मान डोलवावी. 'नाही' हा शब्द तोंडातून काढू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने त्याला परत ऐकवावं. त्यामुळे कुणीतरी आपलं ऐकलं याचं माणसाला समाधान मिळतं, आणि समाधान पावलेला माणूस सहसा आणखी काही मागत नाही.

विज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून पहिला प्रयोग घरीच झाला. त्यांच्या पत्नी कमलबाई सकाळी म्हणाल्या, "मीठ संपलंय." दिनकररावांनी हातातलं काम ठेवलं, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, मान डोलवली आणि म्हणाले, "म्हणजे तुझं म्हणणं असं, की घरात मीठ उरलेलं नाही." कमलबाईंकडे लग्नापासून एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं. त्या खूश झाल्या. दुपारी वरण अळणी होतं, पण घरात वातावरण उत्तम होतं. दिनकररावांनी प्रयोग यशस्वी धरला.

गटाचे मुख्य अधिकारी चंद्रभान साहेब यांनी मग त्यांना खोलीत बोलावलं. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर टाकवाडी नावाची धनगरांची वस्ती होती. तिथल्या लोकांना एकमेकांशी बोलायला जागाच नाही, असं साहेबांच्या ध्यानात आलं होतं. म्हणून टाकवाडीच्या गायरानावर एक पक्कं संवाद केंद्र बांधायचं ठरलं होतं. या गायरानावर सगळी वस्ती मेंढरं चारत दिवसभर बोलत बसायची. तेवढी अडचण दूर केली की केंद्र उभं राहणार होतं.

"इजाजत लोकांच्या तोंडून आली पाहिजे," साहेब म्हणाले. "जबरदस्ती नको. जिल्ह्याहून मोठे साहेब पायाभरणीला येतायत. त्यांच्या हातून पहिला दगड बसला, की मी तुमची कायम नोकरीची शिफारस करतो. नाही बसला तर शिफारस कशाची करू, तुम्हीच सांगा."

दिनकररावांनी साहेबांना नमस्कार केला. ते सायकलवर टांग टाकून टाकवाडीला गेले.

गायरानावर रायभान धनगर काठीला रेलून उभा होता. त्याची बायको म्हाळसाबाई बाजूला बसून लोकर पिंजत होती. दिनकररावांनी केंद्राची सगळी योजना समजावून सांगितली: भिंती, पत्रे, बसायला बाकं, भिंतीवर सुविचार. रायभानने ती मेंढरांकडे पाहत ऐकली. त्याने एकदाही डोळ्यांत पाहिलं नाही, मानही डोलवली नाही. या माणसाला संवादाची किती निकड आहे, ते दिनकररावांच्या लगेच लक्षात आलं. रायभानची नजर हलली असती तर मेंढरं शेजारच्या जवारीत शिरली असती, ही गोष्ट प्रशिक्षणात आलेली नव्हती.

"साहेब, केंद्र बांधा की," रायभान शेवटी म्हणाला. "आमचं काय न्हाई त्याला. पर गावात बांधा, पाराजवळ. गायरान मेंढरांला ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं चरायला आमाला जागा न्हाई."

उत्तर 'नाही' असं होतं आणि तो शब्द वर्ज्य होता. दिनकररावांनी खोल श्वास घेतला, रायभानच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की केंद्र पाराजवळ बांधावं आणि गायरान मेंढरांना राहू द्यावं."

रायभानने मेंढरांवरची नजर पहिल्यांदाच काढली. "परत बोला, साहेब."

दिनकरराव परत बोलले. मान डोलवली.

रायभानने बायकोकडे पाहिलं. म्हाळसाबाई उठली, लुगड्याच्या ओच्यातून गुळाचा खडा काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. दिनकररावांनी तो आनंदाने खाल्ला. समाधान पावलेल्या माणसाने संमती दिली, ती अशी. आता दगड बसणार आणि आपण कायम होणार, या विचारात ते शीळ घालत परतले.

टाकवाडीचा रिवाज त्यांना ठाऊक नव्हता. मेंढरांच्या सौद्यात एकाने बोललेली गोष्ट दुसऱ्याने आपल्या तोंडाने उच्चारली, की ती त्याने कबूल केली असं धरत. म्हणून बाजारात नको असलेला भाव ऐकला, की धनगर तो कधी उच्चारत नसे. आभाळाकडे पाहून पावसाची गोष्ट काढत असे. उच्चारल्यावर गूळ देत, आणि गूळ खाल्ल्यावर सौदा मोडलेला माणूस वस्तीत कुणी पाहिला नव्हता.

पायाभरणीच्या दिवशी गायरानावर मांडव पडला, झेंडूची तोरणं लागली. मोठे साहेब आले तेव्हा मांडवात मेंढरं बसलेली होती आणि तोरणं तोंडाला लागतील तेवढी खाऊन झाली होती. रायभान स्वागताला पुढे आला.

"तुमची संमती होती," दिनकरराव कासावीस होऊन म्हणाले.

"आमची कुठं, तुमची व्हती," रायभान म्हणाला. "आमचं बोलनं तुमी तुमच्या तोंडानं बोललाव. दोनदा. वर गूळ खाल्लाव."

"अहो, तुमचं ऐकलं, एवढं सांगण्यापुरतं बोललो मी."

"ऐकायला कान असत्यात, साहेब," म्हाळसाबाई म्हणाली. "त्याला तोंड कशाला लागतंय?"

माणसं हसली. दिनकररावांना आपली कायम नोकरी मेंढरांच्या पायांतून निघून जाताना स्पष्ट दिसली. प्रकरण हाताबाहेर जातंय हे पाहून चंद्रभान साहेब पुढे सरसावले. हाताखालच्या माणसापेक्षा आपला संवाद वरच्या दर्जाचा आहे, हे मोठ्या साहेबांच्या देखत दाखवायची वेळ होती. त्यांनी रायभानच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे रायभानजी, आपलं म्हणणं असं, की गायरान मेंढरांचंच राहावं."

त्यांच्याही हातावर गूळ पडला.

मोठे साहेब या पद्धतीचे जिल्ह्यातले जाणकार. दोघांचंही काय चुकलं ते त्यांना कळलं होतं: आवाजात ओलावा नव्हता. ते खुर्चीवरून उठले, म्हाळसाबाईला हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "म्हणजे बाई, तुमचं म्हणणं असं, की हे गायरान कायम तुमचं." म्हाळसाबाईने साहेबांच्या मानाने मोठा खडा दिला. मागच्या बाया भराभर आपापले ओचे सोडू लागल्या. वस्तीला एवढा सोपा सौदा आजवर मिळालेला नव्हता.

केंद्र झालं नाही. गायरान राहिलं. मोठ्या साहेबांनी दौऱ्याच्या शेवटी जाहीर केलं, की साऱ्या जिल्ह्यात प्रशासन आणि जनता यांचं शब्दशः एकमत झालेलं टाकवाडी हे एकमेव गाव आहे, आणि एवढी कामगिरी करणाऱ्या दिनकररावांना कायम करण्यात आलं. मात्र असं यश पुन्हा कुठे पदरात पडू नये म्हणून सर्व अधिकाऱ्यांना तोंडी ताकीद मिळाली: यापुढे लोकांचं म्हणणं ऐकताना छताकडे पाहावं, मान हलवू नये, आणि तोंड तर मुळीच उघडू नये. ही पद्धत कचेऱ्यांना लगेच जमली. तिला प्रशिक्षण लागलं नाही.

दिनकरराव पायाभरणीच्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा कमलबाई म्हणाल्या, "मीठ अजून संपलेलंच आहे हो." त्यांनी डोळ्यांत पाहिलं, मान डोलवली, तोंडही उघडलं, पण जिभेवर अजून टाकवाडीच्या गुळाची चव होती. वाक्य अर्ध्यात सोडून ते चप्पल घालून दुकानाकडे निघाले.

वाचकहो, तुम्ही संवादाची ही गोष्ट इथवर अगदी मन लावून ऐकलीत, याचं समाधान आहे. आता जरा आत जाऊन या. मघापासून घरातून कुणीतरी काहीतरी सांगतंय, आणि तुम्ही दोनदा 'हं' म्हणालात.